'ला जेते'चं निवेदन, एक विद्यार्थी-लघुपट आणि बोलून बिघडलेली चित्रं

पडद्यामागे

फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २८ मिनिटांचा, कृष्णधवल, जवळजवळ सगळा स्थिरचित्रांचा. पात्रांना संवाद नाहीत. झाँ नेग्रोनीचा आवाज तृतीयपुरुषात गोष्ट सांगतो. हेच तंत्र घेऊन काही विद्यार्थ्यांनी ९ मिनिटांचा लघुपट केला आहे आणि तो सध्या रफ कटवर, म्हणजे कच्च्या संकलनावर, अडला आहे.

गोष्ट अशी: जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली, बोर्डावर प्लग जोडून कॉल लावून देणारी रात्रपाळीची ऑपरेटर. एक माणूस रोज फोन करून एकच नंबर मागतो. तिने त्याला कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखते. एक्स्चेंज स्वयंचलित होण्याच्या आदल्या दिवशी तो बिल भरायला खिडकीशी येतो आणि तोंड उघडतो.

सध्याचा कट: ११० स्थिरचित्रं, ८५० शब्दांचं निवेदन, ३ हलते शॉट. पाहणाऱ्यांचा सूर असा की फोटो चांगले आहेत, आवाजही चांगला आहे, पण दोन्ही मिळून अल्बम दाखवत बसल्यासारखं वाटतं. निवेदनाचा नमुना देतो:

"रात्रीचे अकरा वाजले आहेत. ती एकटीच बोर्डासमोर बसली आहे. तिच्या कानाला हेडफोन आहे. ती फार थकलेली दिसते."

नेमकं कुठे चुकतंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो, आवाज, संकलन, कशावरही बोला.

मधुरा_संकलन

आधी आकडेमोड करू, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. शांत लयीतलं मराठी निवेदन मिनिटाला १०० ते ११० शब्दांच्या आसपास जातं. आपले शब्द प्रत्ययांनी लांबलेले असतात, त्यामुळे इंग्रजीचे आकडे इथे लावू नका. ८५० शब्द म्हणजे जवळपास ८ मिनिटं. ९ मिनिटांच्या फिल्ममध्ये ८ मिनिटं कुणीतरी बोलतंय! चित्राला तोंड उघडायला जागाच कुठे आहे?

४०० ते ४५० शब्दांवर या. मग साधारण अर्धा वेळ आवाज आणि अर्धा वेळ फक्त चित्र व पार्श्वध्वनी, असं होईल. 'ला जेते'मध्येही निवेदन सलग नाही. बागेतल्या, संग्रहालयातल्या दृश्यांत ते बराच वेळ गप्प असतं.

आता तुमचा नमुना. त्या चार वाक्यांतली चारही गोष्टी फोटोत दिसतात: रात्र, एकटेपण, हेडफोन, थकवा. म्हणजे निवेदक आंधळ्याला चित्र समजावून सांगतोय. मार्करचा निवेदक बहुतेक वेळा चित्रात *नसलेलं* सांगतो: किती दिवस गेले, कुणाला काय हवं होतं, आधी काय घडलं, ही आठवण खरी की मनाने रचलेली. वेळ आणि कारण आवाजाकडे, चेहरा आणि जागा चित्राकडे, अशी वाटणी आहे ती. तुम्ही फोटो उचलले, वाटणी उचलली नाही.

तोच फोटो ठेवून हे लावून बघा:

"त्या हिवाळ्यात एक आवाज रोज तोच नंबर मागायचा. नंबर लागत नसे. तो 'बरं' म्हणायचा आणि ती पुढचा कॉल घ्यायची."

थकवा हा शब्दही नाही, पण आता प्रेक्षक तो तिच्या चेहऱ्यावर शोधेल. एक चाचणी करा. निवेदनाची संहिता छापून घ्या आणि डोळ्यांना दिसतं ते प्रत्येक वाक्य लाल पेनने खोडा. उरलेलं मोठ्याने वाचा. जिथे दुवा तुटतो तिथे एकच वाक्य नव्याने लिहा, खोडलेलं परत आणू नका.

कुंपणावरचा

मुळात फोटो वापरायचे म्हणजे पैसे आणि कटकट वाचवायची. त्याला 'तंत्र' म्हणायचं आणि मार्करचं नाव लावायचं. असो. चालू द्या.

चौथी_भिंत

@कुंपणावरचा, वाचतात थोडे, पण तो युक्तिवाद इथे लागू नाही. 'ला जेते'त स्थिरचित्र असण्याला गोष्टीतच कारण आहे: लहानपणी पाहिलेल्या एका दृश्याने पछाडलेल्या माणसाची गोष्ट आहे ती. आठवण अशीच गोठलेल्या तुकड्यांनी येते. तुमच्या ऑपरेटरच्या बाबतीत कारण वेगळं, पण तितकंच भक्कम आहे. तिचं सगळं जग कानात आहे, डोळ्यांसमोरचं जग तिच्यासाठी थांबलेलंच आहे. हे कारण पक्कं धरा, बाकीचे निर्णय त्यातूनच निघतील. विशेषतः ध्वनीचे.

आता निवेदक कोण आहे ते ठरवा. मला वाटतं खरा घोळ इथे आहे. पडद्याबाहेरचा आवाज म्हणजे एकच गोष्ट नव्हे.

'बॅरी लिंडन'मध्ये (१९७५) कुब्रिकने थॅकरेच्या प्रथमपुरुषी कादंबरीचं निवेदन तृतीयपुरुषी केलं. मायकेल हॉर्डर्नचा तो आवाज पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतो. बॅरी शेवटी निर्धन, एकटा आणि निपुत्रिक राहणार हे मुलाच्या मृत्यूआधीच कळतं. मग 'काय होणार' ही उत्सुकता जाते आणि 'कसं' उरतं. 'बॅडलँड्स'मध्ये (१९७३) उलट. सिसी स्पेसेकची हॉली सपाट, गोड, मासिकातल्या प्रेमकथेसारखं बोलते आणि चित्रात माणसं मरत असतात. तिथे आवाज आणि चित्र एकमेकांना खोटं पाडतात. 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) अमिताभ बच्चनचा आवाज अवधचा इतिहास थोड्या मिश्किल सुरात सांगतो, तो गोष्टीतला कुणीच नाही. आणि 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये (१९५०) मेलेला माणूस बोलतो. त्या चित्रपटाची आधीची सुरुवात शवागारात होती, प्रेतं आपापसांत बोलायची. चाचणी-खेळाला प्रेक्षक हसले आणि दिग्दर्शक वाइल्डरने ती कापली. निवेदकाची कल्पना कितीही हुशार असली तरी पहिल्या मिनिटात तो सूर लागला नाही तर खेळ खलास.

'ला जेते'चा निवेदक यांतला कुणी नाही. तो अहवाल वाचल्यासारखा बोलतो, आणि अहवालात मधूनच कविता सापडावी तसं होतं. तुमचा वाचक भावनेने वाचतोय का? तसं असेल तर ते आधी काढा. आवाज रडला की प्रेक्षकाला रडायचं काम उरत नाही.

काळाकडेही बघा. 'ला जेते'ची सुरुवात भूतकाळात आहे: ऑर्ली विमानतळावर, तिसऱ्या महायुद्धाच्या काही वर्षं आधी अमुक घडलं. नायकाला काळात मागे पाठवण्याचे प्रयोग सुरू झाले की निवेदन वर्तमानकाळात शिरतं. माणूस भूतकाळात जातो आणि भाषा वर्तमानात येते. तुमचा नमुना पहिल्यापासून वर्तमानात आहे, त्यामुळे पुढे जायला जागा नाही. सुरुवात रीतिभूतकाळात ठेवा: 'मागायचा', 'लागत नसे', 'घ्यायची'. रोजचं तेच ते त्यातून आपोआप येतं. तो माणूस खिडकीशी आला की वर्तमानकाळ.

भिंगरी

फोटोंबद्दल. ११० चित्रं ९ मिनिटांत म्हणजे सरासरी ५ सेकंदांना एक. सरासरी ठीक आहे, पण रफ कटमध्ये सगळीच चित्रं त्या सरासरीजवळ असतील अशी शंका आहे. मग स्लाइड शो होतोच. काही १ सेकंदाची हवीत, काही ९ सेकंदांची. सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२ फ्रेमचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फोटोही चालतो, त्याच्या आधी लांब शांत चित्र असेल तर.

नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी:

प्रत्येक फोटोवर हळू झूम. सॉफ्टवेअर ते फुकट देतं म्हणून सगळे लावतात. 'ला जेते'च्या पहिल्याच चित्रात, विमानतळाच्या, कॅमेरा मागे सरकतो, तेव्हा बंदी अशी नाही. पण सरकण्याला कारण हवं. ९ मिनिटांत चार-पाच वेळा पुष्कळ झालं. झूम करायचा तर पिक्सेल मोजा. ६००० बाय ४००० चा फोटो १९२० च्या टाइमलाइनवर तिपटीपर्यंत आत जाऊ शकतो. ३८४० च्या टाइमलाइनवर दीडपटीतच संपतो, पुढे मऊ पडतो. शिवाय ३:२ चा फोटो १६:९ मध्ये बसवताना ४००० पैकी ३३७५ ओळीच उरतात. वर-खाली कापलं जाणार हे धरूनच चौकट लावा.

मेलेलं चित्र. डिजिटल फोटो ५ सेकंद धरला की प्रेक्षकाला वाटतं व्हिडिओ अडकला. फिल्मवर हा प्रश्न येत नाही, कारण चित्र स्थिर असलं तरी प्रत्येक फ्रेमचा कण वेगळा असतो आणि पडदा जिवंत राहतो. म्हणून पूर्ण टाइमलाइनवर हलता ग्रेन, म्हणजे तसेच कण, टाका, एकाच थरात. प्रत्येक फोटोत वेगळा भाजलेला नको. मात्रा इतकीच की बंद केल्यावर फरक कळावा, चालू असताना लक्षात येऊ नये.

विरघळणं, म्हणजे डिझॉल्व्ह. एकाच चेहऱ्याच्या दोन फोटोंत डोक्याची जागा बदलली असेल तर मध्येच दोन नाकं आणि चार डोळे दिसतात. ट्रायपॉड, मॅन्युअल फोकस, मॅन्युअल एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स पक्का. संकलनात वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के करा, डोळ्यांवर डोळे जुळवा, मगच डिझॉल्व्ह लावा. १८ ते २४ फ्रेम पुरे.

एक्स्चेंजमध्ये ट्यूबलाइट असेल तर वेगवान शटरवर पट्टे येतात, किंवा प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा पडतो. ५० हर्ट्झच्या विजेवर १/५० किंवा १/१०० ठेवा. आणि उभे फोटो काढू नका. नंतर बाजूला धुरकट पट्ट्या लावून बसवलेले उभे फोटो बघवत नाहीत.

ध्वनिवेडा

चौथी_भिंत यांनी म्हटलंय की जग तिच्या कानात आहे. मग फिल्मचं अर्धं दिग्दर्शन ध्वनीत आहे, आणि धाग्यात अजून ध्वनीचा एक शब्द नाही! 'ला जेते' डोळे मिटून ऐकून बघा. विमानतळाचा गोंगाट, कोरस, हृदयाचे ठोके, प्रयोग करणाऱ्यांची जर्मन कुजबुज, पक्षी. चित्र थांबलेलं असताना वेळ पुढे सरकतोय हे फक्त ध्वनी सांगतो.

तुमच्याकडे तीन थर हवेत. पहिला खोलीचा: ट्यूबचा गुणगुणाट, पंखा, लांबचं कुणाचं बोलणं. हा सलग, फोटो बदलला तरी तुटता कामा नये. फोटोगणिक ध्वनी कापला की पुन्हा स्लाइड शो. दुसरा बोर्डाचा: प्लग आत जाण्याचा खट्, वायर ओढल्यावर वजन खाली पडण्याचा आवाज, बझर. हे जवळून ध्वनिमुद्रित करा आणि नेमके बसवा. प्लगचा आवाज फोटो बदलण्याच्या ३-४ फ्रेम *आधी* आला तर प्रेक्षकाला हात हलल्याचा भास होतो. फोटोबरोबरच आला तर फक्त क्लिक ऐकू येतं. तिसरा थर तारेवरचे आवाज: ३०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं छाटा, टेलिफोनची वाणी तेवढ्याच पट्ट्यात असते. त्या माणसाचा आवाज पूर्ण फिल्ममध्ये असाच ठेवा. खिडकीशी येऊन तो बोलेल तेव्हा पहिल्यांदा पूर्ण पट्ट्यात, छातीच्या खर्जासकट ऐकू द्या. तुमचा कळसाचा क्षण तो आहे, फोटो नव्हे.

निवेदनाच्या मुद्रणाबद्दल. माइक तोंडापासून १५ ते २० सेंमी, समोर नाही, किंचित बाजूला. मराठीत फ, भ, ख, ध असे महाप्राण फार, समोर बसलात की प्रत्येकावर भस्स होतं. पॉप फिल्टर लावाच. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोललं तर रिकाम्या खोलीतला घुमारा बराच कमी होतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. बोलून झालं की त्याच जागी ६० सेकंद गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित करा. दोन वाक्यांमधली फट तिनेच भरायची. निव्वळ रिकामी जागा सोडली तर निवेदक मध्येच खोलीबाहेर गेल्यासारखं वाटतं.

श्वास पूर्ण कापू नका, ६ ते १० डेसिबल खाली आणा. ८० हर्ट्झखालचं छाटा. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातलं अंतर दाबणं, ३:१ च्या पुढे नेऊ नका, नाहीतर जाहिरातीचा आवाज होतो. निवेदन मोनो, मध्यभागी. निवेदन चालू असताना खोलीचा थर त्याच्या १२ ते १५ डेसिबल खाली, पण खाली नेताना एकदम दाबू नका. अर्ध्या-पाऊण सेकंदात हळूच उतरवा.

आणि दुरुस्तीची वाक्यं नंतर मुद्रित करणार असाल तर तोच माइक, तीच जागा, दिवसाची तीच वेळ. सकाळचा घसा आणि संध्याकाळचा घसा एका वाक्यात जोडले की शिवण दिसते.

पडद्यामागे

सगळ्यांना दंडवत. दोन प्रश्न उरतात.

एक: निवेदन तिच्याच तोंडी द्यावं असा गटातल्या काहींचा आग्रह आहे, पण बोलणारी तीच आहे हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. जमेल?

दोन: सध्या तीन हलते शॉट आहेत: बोर्डावरचे लुकलुकणारे दिवे, तिचा हात, शेवटी तिचा चेहरा. किती ठेवावेत?

चौथी_भिंत

पहिल्याचं उत्तर: मराठीत अवघड आहे, अशक्य नाही. 'मी गेले', 'मी बसते' म्हटलं की बाई आहे हे कळलंच. सकर्मक भूतकाळात मात्र क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: 'मी फोन उचलला', 'मी आवाज ओळखला'. तसंच 'मला आठवतं', 'माझ्या लक्षात आलं', आणि भविष्यकाळ 'मी सांगेन'. एवढ्यावर ४०० शब्द लिहिता येतात. पण बोलणारा आवाजच बाईचा असेल तर व्याकरण लपवून काय मिळणार? लपवायचं ते लिंग नाही, *तीच ती* हे. त्यासाठी तृतीयपुरुष बरा: एक वयस्क स्त्री 'ती' म्हणून सांगते, आणि शेवटच्या एकाच वाक्यात 'मी' येतो. हे करायचं की नाही यावर मात्र गटाने भांडून घ्यावं. माझं मत, करू नये. 'ला जेते'चा शेवटचा उलगडा गोष्टीतला आहे: लहानपणी ज्याचा मृत्यू पाहिला तो माणूस आपणच होतो हे नायकाला कळतं. निवेदकाची ओळख हा तिथे मुद्दाच नाही. दोन उलगडे एकाच मिनिटात आले तर एक वाया जातो, आणि तुमच्याकडे खिडकीचा उलगडा आधीच आहे.

मधुरा_संकलन

दुसऱ्याचं: एक. तीन हलते शॉट म्हणजे प्रेक्षक चौथ्याची वाट बघतो.

'ला जेते'मध्ये तो एकमेव क्षण कसा रचलाय ते फ्रेम-फ्रेमने बघा. झोपलेल्या बाईची चित्रं एकात एक विरघळत जातात, त्यांतलं अंतर कमी कमी होत जातं, पक्ष्यांचा आवाज वाढत जातो, निवेदन गप्प. आणि मग ती डोळे उघडते, पापण्या हलतात. काही सेकंदच. हालचाल सुरू कधी झाली ते पहिल्या खेपेला बऱ्याच जणांना कळतही नाही, कारण डिझॉल्व्हनी डोळ्याला आधीच तिकडे नेलेलं असतं.

तुमच्यासाठी दिवे बाद, ते फक्त सजावट आहेत. हात की चेहरा? माझं मत चेहरा: तो खिडकीशी बोलतो आणि तिची मान वळते. त्याआधी ६-७ फोटो, पहिला ४ सेकंद, मग ३, मग २, डिझॉल्व्ह २४ फ्रेमवरून १२ वर. शॉट ५ सेकंदांचा. निवेदन त्याच्या १५ सेकंद आधी थांबवा आणि नंतरही लगेच सुरू करू नका.

ध्वनिवेडा

मी हाताच्या बाजूने. तिने चेहरा वळवणं कुणालाही सुचेल. आवाज ऐकल्यावर हात सवयीने प्लगकडे जातो आणि अर्ध्यात थांबतो, हे फक्त ऑपरेटरच करेल.

भिंगरी

हात, +१. दोन्ही शूट करून ठेवा आणि संकलनात ठरवा. पण एक काळजी घ्या: बरेच कॅमेरे व्हिडिओ मोडवर सेन्सरचा थोडाच भाग वापरतात, त्यामुळे तीच लेन्स जास्त जवळ गेल्यासारखी दिसते. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही मोडमध्ये चौकट जुळवून पाहा, गरज पडली तर ट्रायपॉड मागे घ्या. व्हिडिओ १/५० वर, म्हणजे हालचालीचा पुसटपणा नैसर्गिक येतो. त्याच्या आधीचे ६-७ फोटोही १/५० वरच काढा, नाहीतर ते करकरीत आणि शॉट मऊ, असा सांधा दिसेल. आणखी सोपं म्हणजे त्या फोटोंऐवजी त्याच व्हिडिओतल्या गोठवलेल्या फ्रेम वापरा. रंग, कण, धार सगळं आपसूक जुळतं.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). सबटायटलचं कुणी बोललं नाही. स्पर्धांना पाठवणार असाल तर लागतीलच.

मधुरा_संकलन

@वाचनमात्र, बरोबर, आणि स्थिरचित्रात ती जास्त खुपतात, कारण चौकटीत बदलणारी गोष्ट तेवढीच असते आणि डोळा तिथेच जातो. फोटो काढतानाच खालचा पाचवा भाग मोकळा ठेवा, बोर्डावरचा महत्त्वाचा हात तिथे नको. दोन ओळींच्या वर नाही, सेकंदाला १५-१७ अक्षरांच्या वेगाने वाचता यावं. डिझॉल्व्ह चालू असताना ओळ बदलू नका. आधी बदला किंवा चित्र बसल्यावर बदला.

कामाचा क्रम असा ठेवा: ४५० शब्दांची संहिता, मोबाइलवर कच्चं निवेदन, त्यावर कट, दोन-तीन त्रयस्थांना दाखवणं, मग माइकवर पक्कं निवेदन आणि पुन्हा कट. हा शेवटचा कट लोक टाळतात. पक्क्या आवाजाचे विराम कच्च्यापेक्षा वेगळे पडतात, प्रत्येक फोटोची लांबी थोडी हलते.

ध्वनिवेडा

पाठवताना दोन मिक्स काढा. वेबसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, कुणी प्रसारणाचा मापदंड मागितला तर उणे २३. सभागृहासाठी आयोजकांना विचारा. पहिल्या मिक्सचा फक्त आवाज कमी करून दुसरा बनवू नका, निवेदन आणि खोलीचा थर यांतलं अंतर प्रत्येक ठिकाणी ऐकून ठरवा. लहान स्पीकरवर खोलीचा गुणगुणाट गायबच होतो.

भिंगरी

आणि एक्स्पोर्ट १० बिटमध्ये. रात्रपाळीच्या अंधाऱ्या भिंतीवर डिझॉल्व्ह चालू असताना ८ बिटला पायऱ्या दिसतात. ग्रेन त्या बऱ्याच झाकतो, पण बिटरेट कमी ठेवलात तर ग्रेनचाच चिखल होतो.